चर्चवाले नुसते चहा पीत बसले म्हणे!

आज दुपारी डबा खाताना एकजण सहज बोलून गेला, "धर्मानंच आयर्लंड पेटवलं, तो कसला जोडणार? करार पुढाऱ्यांनी केला. चर्चवाले नुसते चहा पीत बसले." विषय होता उत्तर आयर्लंडमधल्या कॅथलिक-प्रोटेस्टंट संघर्षाचा आणि तो थांबवणाऱ्या १९९८ च्या कराराचा. तेव्हा मी गप्प बसले. घरी आल्यापासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

तो चहा मी प्यायलेय. कामानिमित्त तिकडच्या राजधानीत, बेलफास्टला होते तेव्हा माझी घरमालकीण प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंट होती, शँकिल या प्रोटेस्टंट भागात वाढलेली. तिचा भाऊ सत्तरच्या दशकात बॉम्बस्फोटात गेला. तरी ही बाई संध्याकाळी कोट चढवून एका कॅथलिक मैत्रिणीकडे बायबल वाचायला जायची. एकदा मलाही घेऊन गेली. मैत्रिणीनं न विचारता हिच्या कपात दोन चमचे साखर घातली. ही चष्मा घरी विसरली होती, तर तिनं आपला काढून हिला दिला आणि स्वतः नुसती ऐकत बसली.

हे असंच घडत नाही हो. १९८१ साली, ब्रिटिश राज्याविरुद्ध लढणारे दहा कैदी तुरुंगात उपोषण करून मेले त्या वर्षी, शहर नुसतं धुमसत होतं. तेव्हा क्लोनार्ड मठातले कॅथलिक आणि फिट्झरॉय चर्चचे प्रेस्बिटेरियन एकत्र बसून बायबल वाचायला लागले. तिकडून रेव्हरंड केन न्यूवेल, इकडून पुढे फादर गेरी रेनल्ड्सही आले. अशा माणसांना आपलेच लोक गद्दार म्हणतात. माझ्या घरमालकिणीशी तिच्या वहिनीनं, त्याच भावाच्या बायकोनं, बोलणं टाकलं ते कायमचंच. मला तर तिचंही दुःख कळतं. पण ही जायची थांबली नाही.

रे डेव्ही हे प्रेस्बिटेरियन पाळक. दुसऱ्या महायुद्धात कैदी असताना त्यांनी जर्मनीतलं ड्रेस्डेन शहर जळताना पाहिलं. १९६५ साली, दंगली पेटायच्या आधीच, त्यांनी बॅलीकॅसलजवळ समुद्रकाठी कॉरीमीला नावाचं केंद्र उभं केलं, दोन्हीकडच्यांनी एका छपराखाली राहावं म्हणून.

आणि फादर अ‍ॅलेक रीड! मार्च १९८८. जमावाच्या तावडीत सापडलेल्या दोन ब्रिटिश सैनिकांना आयआरएनं, म्हणजे ब्रिटिश राज्याविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र संघटनेनं, गोळ्या घातल्या. हा कॅथलिक धर्मगुरू त्यांच्याजवळ गुडघे टेकून तोंडानं श्वास देत होता, शेवटचे संस्कार करत होता. त्याच दिवशी फादर रीड यांच्याजवळ एक कागद होता, आयआरएशी जोडलेल्या शिन फेन पक्षानं जॉन ह्यूम या अहिंसक मार्गाच्या कॅथलिक पुढाऱ्यासाठी दिलेला. रक्त लागलेलं पाकीट बदललं आणि कागद पोचवला. १९९८ च्या गुड फ्रायडे कराराकडे नेणाऱ्या बोलण्यांची सुरुवात अशा कागदांतून झाली. २००५ साली आयआरएनं शस्त्रं निकामी केली तेव्हा साक्षीदार कोण? हेच फादर रीड आणि मेथडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंटच, रेव्हरंड हॅरल्ड गुड. हे चहा पीत बसणं?

हो, इयन पेस्लींसारखे कट्टर प्रोटेस्टंट धर्मगुरूच आगीत तेल ओतत होते, मान्य. दोन्हीकडच्या वस्त्यांमधल्या भिंती अजून उभ्या आहेत आणि बहुतेक मुलं अजून वेगवेगळ्या शाळांत जातात, तेही मान्य. पण भांडण जमिनीचं, घरांचं, नोकऱ्यांचं होतं, ब्रिटन की आयर्लंड याचं होतं. ते सगळं धर्माच्या माथी मारायचं आणि धर्मापोटी जी माणसं पलीकडे गेली त्यांना हसायचं, हे मला चालणार नाही.

लिहिता लिहिता राग उतरला थोडा. त्या दोघी आठवल्या. दोघींनीही आपापलं चर्च सोडलं नाही, पोपबद्दलची मतंही बदलली नाहीत. मैत्रीण आजारी पडली तेव्हा तिची औषधं आणायला जाणारी मात्र हीच.

तुमच्यापैकी कुणी बेलफास्टला जाणार असेल तर टायटॅनिक म्युझियम बघाच, पण एक सकाळ क्लोनार्डसाठी ठेवा. शेजारीच बॉम्बे स्ट्रीट ही कॅथलिकांची गल्ली आहे, ऑगस्ट १९६९ मध्ये जाळलेली आणि पुन्हा बांधलेली. घरांच्या मागेच ती उंच भिंत. पत्ता लागला नाही तर मला मेसेज करा, कुठून जायचं ते सांगेन.