हातभर उघडी माती

इंदूरला सुदामानगरातील आमच्या घराच्या मागील अंगणात पेव्हर ब्लॉक बसवावेत की नाही, यावरून कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात महिनाभर वाद चालू आहे. २०१७ पासून स्वच्छतेत सतत देशात अव्वल ठरत आलेल्या शहरात असे पाचोळ्याचे अंगण शोभत नाही, असे ताईचे म्हणणे आहे. निदान कुंपणालगतची हातभर माती तरी उघडी ठेव, तिथे मातीत बिळे करणाऱ्या मधमाश्या राहतात, असे मी जर्मनीतल्या म्युनिकहून लिहिले, त्यावर भाऊजींचे उत्तर आले, "तुमच्या जर्मनीत डेंग्यू नसतो."

हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखे नाही. डासांच्या अळ्या साचलेल्या पाण्यात वाढतात, उघड्या मातीत नव्हे, हे खरे; पण ताप आला तर तो त्यांना येणार आहे, मला नाही.

शिवाय हे ज्ञान मलाही उशिरा आणि चुकतमाकतच आले. इथल्या पहिल्या वसंतात मी बाल्कनीसाठी पेंढा आणि पाइनची बोंडे भरलेले 'मधमाश्यांचे घर' विकत आणले, आणि दोन वर्षे त्यात कोळ्यांखेरीज कोणी फिरकले नाही. शेवटी शेजारच्या आजींनी सांगितले, की छिद्रे वाळलेल्या कठीण लाकडात, रेषांना आडवी आणि आतून गुळगुळीत हवीत, कारण कुसळांनी माशीचे पंख फाटतात. तसा ठोकळा टांगल्यावर पुढच्याच मार्चमध्ये काळ्या डोक्याची, विटकरी पोटाची एक माशी तोंडात चिखल घेऊन आली आणि तिने एकेक भोक गिलावा केल्यासारखे लिंपून बंद केले. मात्र जर्मनीतील साडेपाचशेहून अधिक रानमाश्यांपैकी बहुतेक जमिनीत बिळे करतात आणि त्यांना या ठोकळ्याचा काहीच उपयोग नाही, हेही आजींनीच सांगितले. त्यांना हवी असते उन्हातली, विरळ गवताची, कोणी न खणलेली माती.

२०१९ च्या फेब्रुवारीत मधमाश्या वाचवण्याच्या कायद्यासाठी म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियात सतरा लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. मारिएनप्लाट्झवरील नगरभवनासमोर थंडीत उभी असलेली ती रांग मी पाहिली. परदेशी नागरिक म्हणून मला सही करता आली नाही. त्या रांगेचे कौतुक करताना हेही सांगितले पाहिजे, की जर्मनीतील संरक्षित क्षेत्रांत उडणाऱ्या कीटकांचे एकूण वजन २७ वर्षांत तीन चतुर्थांशांहून अधिक घटल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाल्यानंतर ती लागली होती. त्यामुळे इथले उदाहरण घरी सांगताना मी 'बघा, जर्मन कसे करतात' असे म्हणत नाही. जर्मनांनी आधी काय घालवले, एवढेच सांगतो.

आणि इंदूरला इथल्या रानफुलांच्या बियांची पाकिटे मुळीच नकोत. आमच्याच अंगणात लहानपणी संध्याकाळी तुळशीच्या वाळक्या काडीला जबड्याने धरून ओळीने झोपलेल्या, पोटावर निळे पट्टे असलेल्या माश्या मी पाहिल्या आहेत. त्यांच्या माद्या मातीत किंवा मातीच्या भिंतीत घर करतात. वांग्याच्या आणि टोमॅटोच्या फुलातील पराग ही माशी अंग थरथरवून झाडून काढते, जे पोळ्यातल्या मधमाशीला जमत नाही. ताईच्या कुंडीतील वांग्यांचा संबंध पेव्हरशी असा पोहोचतो. एका दिवसात बारा लाखांवर रोपे लावण्याचा २०२४ चा विक्रम आपल्या शहराच्या नावावर आहे. रोपांइतकेच दोन रोपांमधल्या मातीकडेही कोणी पाहावे, एवढीच माझी तक्रार आहे.

ताईने काल वृंदावनापासून कुंपणापर्यंत टेप लावून दीड फूट पट्टी सोडायचे कबूल केले आहे. तिथला पाचोळा दिवाळीत मी स्वतः येऊन आवरायचा, अशी भाऊजींची अट आहे. सगळा आवरायचा नाही, हे मी अजून त्यांना कळवलेले नाही.