लाटणं आणि ठासणीची बंदूक

सकाळी चहा घेता घेता ग्रुप उघडला आणि डोकं फिरलं. इथे अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळाचा ग्रुप. काल रात्रीपर्यंत कोजागरीचं दूध कोण आटवणार यावर घोळ चालला होता. त्यातच एका दादांनी पोळपाटावर ठेवलेल्या लाटण्याचा फोटो टाकला. खाली ओळ: "आमच्या घरचं असॉल्ट वेपन. आधी व्याख्या करा, मग बंदी आणा." (लष्करी धाटणीच्या ज्या बंदुकांवर बंदी आणायचा वाद इथे चालतो, त्यांना 'असॉल्ट वेपन' म्हणतात.) त्यावर सत्तावीस जण हसले होते. मी मोजले.

दादा माणूस चांगला. गणपतीचं मखर दरवर्षी त्यांच्याच गॅरेजमध्ये तयार होतं. जानेवारीत माझी गाडी बंद पडली तेव्हा बर्फात जंपर केबल घेऊन तेच धावत आले होते. त्यांच्याकडे एआर-१५ ही तसलीच रायफल आहे, कायद्याप्रमाणे नोंदवलेली आहे, हेही सगळ्यांना माहीत आहे. माझं त्यांच्याशी भांडण नाही. म्हणजे आहे, पण त्याआधी नानांचं सांगते.

नाना म्हणजे माझे वडील. देवरुखच्या पलीकडे आमचं गाव. आजोबांच्या वेळेपासून घरात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक. भात पोटरीला आलं की डुकरं उतरायची, आणि नाना रात्री माचावर जाऊन बसायचे. डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी लागते, त्यामुळे बहुतेक वेळा हवेतच बार. लहानपणी मी त्यांच्याबरोबर जायचे, बॅटरी धरायला. नळीत दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा, गजाने ठासायचं, मग छरे, पुन्हा बोळा, पुन्हा ठासायचं, मग ठिणगी पाडणारी केप बसवायची. हे सगळं अंधारात, पावसाची भुरभुर चालू, दारू भिजू द्यायची नाही. आणि एवढं करून बार किती? एक. तो झाला की डुकरं रानात पसार आणि नाना पुन्हा गज शोधतायत. मी विचारलं होतं, लगेच दुसरा का नाही हो काढत? तर म्हणाले, "बार एकच असतो गो. पुढचा वेळ डुकराचा."

हे वाक्य लक्षात ठेवा. मला तरी आज सकाळपासून दुसरं काही सुचत नाहीये.

आता व्याख्या. दादा, तुम्हाला व्याख्या हवी ना? अमेरिकेत त्या ढिगाने झाल्यात. १९९४ साली क्लिंटनच्या काळात देशभरासाठी कायदा आला. काही बंदुकांची नावं घेऊन त्यांवर बंदी, आणि बाकीच्यांसाठी यादी: गोळ्या भरलेलं मॅगझिन काढता-घालता येतं आणि शिवाय दुमडता येणारा दस्ता, पिस्तुलासारखी मूठ, संगीन अडकवायचा खुंट, नळीच्या टोकाचा ज्वाला लपवणारा नळकांडा, यांतलं काहीही दोन असेल तर ते असॉल्ट वेपन. आता मला सांगा, या देशात संगीन खुपसून कोणी कोणाला मारलंय? कंपन्यांनी काय केलं, तो खुंट कापला, नळकांडा काढला, नवं नाव दिलं आणि तीच रायफल पुन्हा दुकानात. कॅलिफोर्नियात तर मुठीला माशाच्या पंखासारखी पट्टी लावून विकतात, म्हणजे ती कायद्यातली 'मूठ' राहत नाही. यावर हसा. मीही हसते. हसण्यासारखंच आहे ते.

पण मग त्या कायद्यात एक ओळ होती तिच्यावर कोणी विनोद करत नाही. दहापेक्षा जास्त गोळ्यांचं नवं मॅगझिन विकायचं नाही. बाकीच्या यादीत बंदूक दिसते कशी ते आहे. या ओळीत मात्र पुढचा वेळ कोणाचा ते आहे. नानांची ओळ ती. आधीची मॅगझिनं तशीच चालू ठेवली, बाजारात त्यांचा पूर होता, आणि दहा वर्षं झाल्यावर २००४ च्या सप्टेंबरमध्ये अख्खा कायदाच मुदत संपून मेला. मुदत घालूनच जन्माला घातला होता. दुधाच्या पिशवीसारखी तारीख!

(कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. बंद करून आले.)

तर, विस्कॉन्सिन, आमच्या शेजारचं राज्य. २०१९ च्या उन्हाळ्यात नाना-आई इकडे आले होते. डेल्सला सहलीला जाताना वाटेत खेळाच्या सामानाचं एक मोठं दुकान लागलं. मुलाला गळ घ्यायचा होता म्हणून थांबलो. नाना फिरत फिरत आतल्या भिंतीपाशी गेले. भिंतभर बंदुका. बारा बोअर त्यांनी ओळखल्या, खूश झाले, जुना मित्र भेटावा तसे. मग त्या काळ्या रायफलींपाशी थांबले. काउंटरवरच्या पोराने मोठ्या अगत्याने एक काढून पुढे केली. नानांनी दोन्ही हात मागे बांधले. मला म्हणाले, सांग त्याला, दुसऱ्याच्या परवान्यावरचं हत्यार हातात घ्यायचं नसतं. मी सांगितलं. पोराला कळलंच नाही. परवाना कसला? इथे अठरा वर्षं पूर्ण, फॉर्म भरा, तपासणीत नाव निर्धोक निघालं की घेऊन जा. नानांनी विचारलं, यात किती बसतात? तो म्हणाला, तीस. दुसरं भरायला किती वेळ? त्याने बोटांनी करून दाखवलं, खालचं सुटलं, दुसरं बसलं, खटक. दोन सेकंद असतील. उगाच नाही सांगत, नाना चांगले मिनिटभर त्या खटक्याकडे बघत राहिले. आणि मग मला अगदी मनापासून विचारलं, "काय गो, ह्यांच्याकडे डुकरं किती येतात?"

आम्ही तेव्हा खूप हसलो. घरी येईपर्यंत 'डुकरं किती' हा परवलीचा शब्द झाला होता.

मग २०२२ चा चार जुलै, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. इलिनॉयमधलं, शिकागोजवळचं हायलँड पार्क आमच्यापासून काही लांब नाही. सकाळची परेड, रस्त्याकडेला खुर्च्या मांडून बसलेली माणसं, बाबागाड्या, बँड. एक पोरगा गच्चीवर चढला. मिनिटभरात ८३ गोळ्या. सात माणसं गेली, कितीतरी जखमी. सुरुवातीला लोकांना फटाके वाटले, चार जुलैच तो. आम्ही त्या दिवशी आमच्याच गावच्या परेडला गेलो होतो, मुलगा बँडमध्ये होता. बातमी आली तशी परेड तिथेच थांबवली आणि सगळे आपापल्या खुर्च्या उचलून गुपचूप घरी. घडीच्या खुर्च्या मिटल्याचा तो आवाज माझ्या अजून कानात आहे. रात्री नानांचा फोन. त्यांनी बातम्यांत बघितलं होतं. विचारलं, कितीजण होते? म्हटलं, एकटा. किती बार? ८३. पलीकडे बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाले, "म्हणजे मध्ये वेळच दिला नाही कुणाला."

दादा, ही घ्या व्याख्या.

हो, मला माहीत आहे. एआर म्हणजे असॉल्ट रायफल नव्हे, आर्मालाइट नावाच्या कंपनीची रायफल. हो, ती ऑटोमॅटिक नाही, एका ओढीला एकच गोळी. सैन्याची एम-१६ वेगळी. खऱ्या मशिनगनवर १९३४ पासून कडक कायदा आहे आणि १९८६ नंतर नवीन मशिनगन सामान्य माणसाला विकतच नाहीत. पाठ झालंय सगळं. पाठ करावंच लागतं, कारण यातला एक शब्द चुकला की 'तुम्हाला बंदुकीतलं काही कळत नाही, गप्प बसा.' मेलेल्या पोराच्या आईनेसुद्धा आधी नळी आणि नळकांडा यांतला फरक सांगायचा, मग रडायचं! आणि तुमच्या त्या बंदूक-उद्योगाने २००९ पासून याच रायफलीचं नाव 'मॉडर्न स्पोर्टिंग रायफल' ठेवलंय. स्पोर्टिंग! कबड्डी आहे का ती?

आणि व्याख्या घट्ट केली तर काय होतं तेही बघितलं. लास वेगास, ऑक्टोबर २०१७. हॉटेलच्या बत्तिसाव्या मजल्यावरून एका माणसाने दहा-अकरा मिनिटांत हजारावर गोळ्या झाडल्या. ६० माणसं गेली. रायफलींना 'बंप स्टॉक' लावले होते. बंदूक दस्त्यात मागेपुढे सरकते, धक्क्याने ट्रिगर आपोआप बोटावर आपटत राहतो. त्यावर ट्रम्पच्या सरकारने बंदी घातली, हो, ट्रम्पच्या. आणि २०२४ च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन असं सांगितलं की ही मशिनगन नाही, कारण प्रत्येक गोळीला ट्रिगर वेगळा हलतो. निकालात म्हणे ट्रिगरच्या आतल्या यंत्रणेच्या आकृत्या छापल्यात. विरोधात गेलेल्या न्यायमूर्ती सोटोमायोर बाईंनी बदकाचं उदाहरण दिलं: बदकासारखं चालतं, पोहतं, ओरडतं, तर मी त्याला बदकच म्हणते. आमच्या ग्रुपवर त्याला लाटणं म्हणतात.

आता चिडले आहे. जरा पाणी पिऊन येते.

आले. ज्या मुद्द्यांवर दादा पकडतील ते मीच सांगून टाकते. या देशात बंदुकीने मरणारे बहुतेक पिस्तुलाने मरतात, रायफलीने नव्हे, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. मान्य. हायलँड पार्कात गावापुरती बंदी २०१३ पासून होती, तरी झालं. मान्य. पण गावाची वेस ओलांडली की बंदी संपते आणि तासाभराच्या आत विस्कॉन्सिन आहे, हे त्याच दमात कोणी का सांगत नाही? २०२३ च्या जानेवारीत इलिनॉयने राज्यभर कायदा केला. लांब बंदुकीला दहा गोळ्या, पिस्तुलाला पंधरा, त्याहून मोठं मॅगझिन विकायचं नाही. ज्यांच्याकडे आधीपासून रायफल होती त्यांनी नोंदवून स्वतःकडे ठेवायची. दादांची गेली का? नाही. कपाटात आहे. मग एवढा कसला कंठशोष?

आणि पिस्तूल म्हणाल तर तेही सांगते. २०११, ॲरिझोनातलं टूसॉन, इथल्या संसदेच्या सदस्य गॅबी गिफर्ड्स सुपरमार्केटच्या बाहेर लोकांना भेटत होत्या. मारणाऱ्याकडे साधं पिस्तूल, पण मॅगझिन ३३ गोळ्यांचं. सहा माणसं गेली, त्यात नऊ वर्षांची एक मुलगी. ते संपलं आणि तो दुसरं घालायला लागला, तेवढ्यात लोकांनी त्याला खाली पाडलं. एका साठीच्या बाईने त्याच्या हातातलं मॅगझिन हिसकावून घेतलं. साठीच्या बाईने! कारण तेवढा एक क्षण मिळाला. पुढचा वेळ तिचा होता. तो क्षण ३३ चं मॅगझिन संपल्यावर आला, दहानंतर आला असता तर? माझी व्याख्या पिस्तुलालाही लागली तर लागू दे. दिसायला काळी आहे की लाकडी, मुठीला पंख आहे की नाही, मला काही पडलेली नाही. माणसाला पळायला वेळ मिळतो की नाही, एवढंच मोजा.

मला माहीत आहे, माझ्या मित्रयादीतल्या तुम्हा बहुतेकांना हे पटतं. पटतं आणि तरी ग्रुपवर हसणारा चेहरा टाकता, कारण मंडळात वाद नको, दिवाळी तोंडावर आली. मीही सकाळी काही लिहिलं नाही तिथे. कोजागरीच्या दुधाला मी येते एवढंच लिहिलं. म्हणून तर इथे एवढं बडबडतेय.

'तुमच्या भारतात गावठी कट्टे मिळत नाहीत का' हाही प्रश्न येईलच. मिळतात. पण नानांना स्वतःच्या बंदुकीसाठी काय काय करावं लागलं ते मी बघितलंय. जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज, पोलीस पाटलाचा जबाब, नूतनीकरणाचे हेलपाटे, आणि प्रत्येक निवडणुकीला बंदूक खांद्यावर टाकून पोलीस स्टेशनला जमा करायला जायचं, पावती घ्यायची, निकाल लागला की परत आणायची. ग्रामपंचायतीलासुद्धा! चिडायचे ते. आमच्या एका बाराने कुठली निवडणूक पडणार आहे, म्हणायचे. पण जायचे. आपला हक्क कोणी ओरबाडून नेला असं त्यांना कधी वाटलं नाही, फार तर एसटीचे पैसे गेले असं वाटायचं. गेल्या लोकसभेला जमा केली ती परत आणलीच नाही. नजर गेली, माचावर चढवत नाही, आणि आता डुकरांच्या जोडीला माकडंही आलीत, त्यांच्यापुढे ठासणीचं काय चालणार. पावती मात्र अजून देवघरातल्या फळीवर, पंचांगात घालून ठेवलेली आहे.

इकडे अमेरिकेत या बंदीवरचे खटले चालूच आहेत. २०२५ च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने मेरीलँड राज्याच्या असॉल्ट वेपनवरच्या बंदीचं प्रकरण ऐकायला नकार दिला, पण न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी लिहून ठेवलंय की हा विषय कोर्टाने लवकरच घ्यायला हवा. घेतील. मग पुन्हा आकृत्या, पुन्हा बदकं.

दादा, तुम्ही ही पोस्ट वाचणार हे मला माहीत आहे. रागावू नका. रागावलात तरी मखराला मी येणारच आहे, थर्माकोल कापायला तुम्हाला दुसरं कोणी मिळत नाही.

बाकी, तो फोटो मी नानांना पाठवला होता, खालच्या ओळीसकट. म्हटलं बघू काय म्हणतात. आत्ता त्यांचा व्हॉइस मेसेज आला. ओळ वाचलीच नाही त्यांनी, चष्मा नव्हता. म्हणतात, "लाटणं शिसवी दिसतंय गो. तिकडे मिळतं?"