सव्वातीनचे फटाके

दादाचा तो मेसेज मी अजून डिलीट केलेला नाही. ९ जून २०२५, भारतातले पहाटेचे पावणेसहा, आमचा गोव्याच्या घरचा ग्रुप; मी असतो लिस्बनला. "मुक्तीला ६४ वर्षे होत आली आणि आपल्या वाड्यावर पाखल्यांचा बावटा नाचतो. लाज वाटते." मुक्ती म्हणजे १९६१ ची, पोर्तुगिजांपासूनची; पाखले म्हणजे तेच पोर्तुगीज. त्याखाली दिवसभर सगळ्यांचे "अगदी बरोबर", "मनातले बोललात", जोडलेले हात. मुंबईच्या मावशीपासून डिचोलीच्या मेहुण्यापर्यंत कुणी चुकले नाही.

दादा म्हणजे माझा थोरला आतेभाऊ. फोंडा तालुक्यातल्या मराठी शाळेत आयुष्यभर शिकवून निवृत्त झाला. ऱ्हस्वदीर्घ मला त्यानेच शिकवले. घरात आम्ही कोकणीत बोलायचो, पण पत्र लिहायचे, हिशेब मांडायचा, देवाचे काही वाचायचे, ते मराठीत. त्यामुळे त्याच्याशी भांडायचे म्हटले तरी मला मराठीच लागते.

झाले होते ते एवढेच. म्युनिकला फुटबॉलच्या नेशन्स लीगची फायनल होती, पोर्तुगाल आणि स्पेन. स्पेन दोनदा पुढे गेला, पोर्तुगालने दोनदा गाठले. आधी नुनो मेंडिस, मग ६१व्या मिनिटाला चाळिशीतला रोनाल्दो. जादा वेळेत गोल झाला नाही. पेनल्टींमध्ये दियोगो कोश्ताने मोराताचा फटका अडवला, शेवटचा रुबेन नेव्हिशने मारला आणि ५-३ झाले. लिस्बनमध्ये तेव्हा रात्रीचे पावणेअकरा, गोव्यात सव्वातीन. आमच्या वाड्यावरची सात-आठ पोरे बंद दुकानाच्या पडवीत एका फोनभोवती बसून मॅच बघत होती. बाहेर पाऊस. जिंकल्यावर त्यांनी दिवाळीचे उरलेले फटाके काढले. निम्मे सादळलेले, फुसफुसून विझले. जे वाजले त्यांनी वाडा जागा केला. एकाच्या खांद्यावर हिरवा-लाल झेंडा होता आणि तो पावसात भिजत गोल गोल धावत होता. तो दादाचाच मुलगा. हे दादाला मेसेज लिहिताना माहीत होते की नाही, मला आजवर कळलेले नाही.

झोपमोड झाली म्हणून दादा ओरडला असता तर मी गप्प बसलो असतो. घरात आत्या ऐंशीच्या पुढे आहे, तिचा रक्तदाब वर गेला असेल. पण त्याने सोळा-सतरा वर्षांच्या पोरांच्या उड्या नेऊन थेट मुक्तिसंग्रामाशी भिडवल्या. तिथे माझे डोके फिरले, ते अजून जागेवर आलेले नाही.

दादा कधी मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर मॅचला गेला नाही. मी गेलो आहे. २० डिसेंबर २०१५, मुक्तिदिनाच्या दुसऱ्याच दिवशी, एफसी गोवा आणि चेन्नईयन, इंडियन सुपर लीगची फायनल, आपल्याच मैदानावर. ८७व्या मिनिटाला जोफ्रेने गोल मारला आणि आम्ही २-१ पुढे गेलो. माझ्या शेजारी कुडतरीचे एक म्हातारे गृहस्थ होते. ओळख ना पाळख, त्यांनी माझे दोन्ही कान धरून कपाळावर मुका घेतला. तीन मिनिटे राहिली होती. ९०व्या मिनिटाला आपला गोली लक्ष्मीकांत कट्टीमनी, त्याला लागून बॉल आपल्याच जाळ्यात गेला, आणि दोन मिनिटांनी मेंडोझाने तिसरा मारला. २-३. अख्खे स्टेडियम असे गप्प झाले की मैदानाच्या त्या टोकाला चेन्नईचे खेळाडू काय ओरडतात ते इकडे ऐकू येत होते. परतताना बसमध्ये बोरीच्या पुलापर्यंत कुणी तोंड उघडले नाही. पुलावर मागच्या सीटवरचा एक पोरगा रडायला लागला, मग कंडक्टरने त्याला पुढे आपल्याजवळ बसवले.

हे ज्याने पाहिले, त्याला मागून येऊन जिंकणारा कुठलाही संघ दिसला की आतून काहीतरी उसळते. त्याला मी तरी काय करू? २० मार्च २०२२ ला त्याच फातोर्ड्याला केरळ आणि हैदराबादची फायनल होती. मी तेव्हा लिस्बनला हॉटेलच्या किचनमध्ये होतो, रविवारची शिफ्ट, थाळ्यांच्या रॅकला फोन टेकवलेला. स्टेडियम केरळच्या लोकांनी भरलेले. हैदराबाद हरत होते. ८८व्या मिनिटाला साहिल ताव्होराने, आपल्या गोव्याच्या मुलाने, बरोबरी केली. आणि पेनल्टींना गोलमध्ये कोण? कट्टीमनी. त्याने तीन अडवल्या. ज्या मैदानावर सहा वर्षांपूर्वी तो जमिनीकडे बघत उभा होता त्याच मैदानावर तीन. मी इतका ओरडलो की शेफ हातातली सुरी घेऊनच धावत आला. हैदराबादशी माझे काहीएक नाते नाही. पण तेव्हा दादाने मला, निजामाच्या शहरासाठी का नाचतोस, असे विचारले नव्हते.

त्याचा एक मुद्दा मात्र मी मान्य करतो. २०२१ च्या डिसेंबरात कळंगुटला रोनाल्दोचा पितळी पुतळा बसला, ४१० किलोचा. मुक्तीला साठ वर्षे झाल्याच्या महिन्यात तो बसवला म्हणून लोकांनी काळे बावटे दाखवले आणि विचारले, आपल्या खेळाडूंचे पुतळे कुठे आहेत? रास्त प्रश्न आहे. ताळगावचे ब्रह्मानंद शंखवाळकर देशाचे कप्तान होते, आणि आमच्या वाड्यावर आजही गोलीला ब्रह्मानंद म्हणतात. त्यांचा पुतळा मांडवीच्या काठावर उभा राहिला तर पहिला हार मी घालीन.

पण मग पुढचाही प्रश्न विचारावा लागतो. धेंपो पाच वेळा राष्ट्रीय विजेता झालेला क्लब. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग, तिघेही एकाच वर्षी आय-लीगमधून बाहेर पडले. गोव्याच्या फुटबॉलचे कंबरडे मोडले. समीर नाईक, महेश गवळी ज्या वाटेने वर गेले ती वाटच बुजायला लागली. आमचा ग्रुप तेव्हाही होता. मी मुद्दाम मागे जाऊन शोधले. त्या आठवड्यात पापडाचे फोटो होते, कुणाच्या तरी मुंजीचे निमंत्रण होते. धेंपोबद्दल एक ओळ नाही.

२०२५ च्या ऑक्टोबरात तेच. २२ तारखेला रोनाल्दोचा सौदी क्लब अल नासर एफसी गोवाशी खेळायला फातोर्ड्याला आला, रोनाल्दो आला नाही. ब्रायसन फर्नांडिसने त्या पैसेवाल्या संघाला गोल मारला, आपण १-२ हरलो. दादाने ग्रुपवर लिहिले, "बघा, तुमचा देव फिरकलासुद्धा नाही." ब्रायसनचे नाव नाही. गोव्याच्या पोराने गोल मारला ती बातमी त्याला बातमीच वाटली नाही. त्याचे लक्ष सारे झेंड्याकडे.

मी त्याला पेनिशबद्दल लिहिले. लिस्बनहून दीड तासावर समुद्रात घुसलेला किल्ला आहे तो. हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत राजकीय कैदी तिथे ठेवायचे. आपल्या मुक्तिलढ्याचे नेते त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा तिथेच होते. लोहिया १८ जून १९४६ ला मडगावात बोलायला उभे राहिले, त्यानंतरच्या धरपकडीत त्यांना पकडून इतक्या लांब आणून टाकले. मी तिथे गेलो आहे. आता म्युझियम आहे. कोठडीच्या खिडकीतून फक्त पाणी दिसते आणि वारा क्षणभर थांबत नाही. पण दादा, तिथे सगळ्यात जास्त कैदी पोर्तुगीजच होते. ज्या राजवटीने कुन्हांना डांबले तिला २५ एप्रिल १९७४ ला इथल्याच माणसांनी खाली खेचले, आणि गोवा भारताचा आहे हे त्याच वर्षाच्या शेवटी नव्या सरकारने सही करून मान्य केले. झेंडा तोच राहिला, हे खरे. तो हातात धरणारे बदलले. २५ एप्रिलला लिस्बनच्या आव्हेनिदा रस्त्यावर कार्नेशनची फुले घेऊन चालणाऱ्या म्हाताऱ्या बायका पाहिल्या असत्यास तर "पाखले" हा शब्द इतक्या सहज तुझ्या बोटांतून उतरला नसता.

आणखी पुष्कळ लिहिले. इथल्या संघात कोण खेळतो बघ म्हटले. नुनो मेंडिसच्या घरचे अंगोलाचे. २०१६ ला पॅरिसमध्ये १०९व्या मिनिटाला युरो कप जिंकून देणारा एडेर आफ्रिकेतल्या बिसावमध्ये जन्मलेला. लिस्बनच्या मार्केश द पोंबाल चौकात लोक त्याच्या नावाने गात होते, तू कुठला म्हणून कुणी विचारत नव्हते. आम्ही घाटावरून आलेल्या मजुराला तीन पिढ्या झाल्या तरी "घाटी" म्हणतो, असेही लिहिले. ग्रुप शांत झाला. मला वाटले, जिंकलो.

आता जे लिहिले नाही ते सांगतो.

१९ डिसेंबर २०२४. हो, आपला मुक्तिदिन. त्या दुपारी लिस्बनला रुआ दो बेनफोर्मोझूमध्ये पोलिसांनी धाड घातली आणि रस्त्यावरच्या माणसांना ओळीने भिंतीकडे तोंड करून, हात वर करून उभे केले. बहुतेक सगळे आपल्यासारखे दिसणारे, बांगलादेशी, भारतीय, पाकिस्तानी. तो फोटो देशभर फिरला. मी कोथिंबीर आणि तूरडाळ त्याच गल्लीत घेतो. त्यानंतर दोन आठवडे मी अंजुश मेट्रो स्टेशनला उतरून वळसा घालून घरी जायचो, आणि कार्तांव, म्हणजे इथले ओळखपत्र, पाकिटात न ठेवता शर्टाच्या वरच्या खिशात ठेवायचो, पटकन काढता यावे म्हणून. दादाला मी एडेर लिहिला. बेनफोर्मोझू लिहिले नाही. घरी फोनवरही सांगितले नव्हते.

आणि एक गोष्ट लिहिली, जी लिहायला नको होती. ग्रुप शांत झाल्यावर दादाने परत एकच वाक्य टाकले, "झेंड्याची किंमत ज्याने पासपोर्ट विकत घेतला त्याला काय कळणार." त्यावर मी सगळ्यांसमोर लिहिले की मागच्या चवथीला याच दादाने मला बाजूला घेऊन, आतोबांची १९६१ पूर्वीची जन्मनोंद लिस्बनला नोंदवायला किती खर्च येतो, असे विचारले होते. मुलाच्या पोर्तुगीज पासपोर्टसाठी. ते त्याने मला विश्वासाने विचारले होते. निवृत्त मास्तरने हळू आवाजात, गणपतीवरच्या फळाफुलांच्या माटोळीखाली उभे राहून. तो त्याच दिवशी ग्रुप सोडून गेला. ऑक्टोबरात त्याच्या मेहुण्याने त्याला परत जोडले तेव्हा आला, पण माझ्याशी थेट बोलत नाही.

पासपोर्ट मी विकत घेतला नाही. वडील पोर्तुगीज राजवटीत जन्मले, त्यांची नोंद झाली, मग माझी झाली. पण भारताचा पासपोर्ट परत दिला तो दिवस मला आठवतो. दूतावासातल्या बाईंनी तो रद्द केल्याचा शिक्का मारून माझ्याच हातात परत दिला. मी तो घरी आणून आईने दिलेल्या महालसेच्या फोटोमागे ठेवला आहे. दादाने ते वाक्य लिहिले तेव्हा मला तो शिक्का दिसला, आणि म्हणून मी माटोळीखालची गोष्ट बाहेर काढली. रागापेक्षा लाजेने काढली.

फायनलच्या रात्री मी कुठे होतो तेही सांगायला हवे. आमच्या गल्लीत आरायालची, म्हणजे जूनमधल्या गल्लीजत्रेची, तयारी चालली होती, पताका लागल्या होत्या, सार्डिनचा धूर, दारादारात मांजेरिकोच्या, तुळशीसारख्या रोपाच्या, कुंड्या. कोपऱ्यावरच्या ताश्कात, छोट्या खानावळीत, मॅच लावली होती. नेव्हिशचा फटका आत गेला आणि माझ्या तोंडून निघाले, "आमी जिखले!" कोकणीत. कुणाला कळले नाही, पण मला ऐकू आले. बाजूला एक सत्तरीचे गृहस्थ होते, माझ्यासाठी इंपेरियाल, बियरचा छोटा गिलास, मागवली, मिठी मारली, आणि विचारले, कुठला तू? मी म्हटले, गोवा. त्यांचा चेहरा उजळला. माझ्या गालावर थाप मारून ते म्हणाले, "गोवा! एन्तांव एश नोसो." म्हणजे मग तू आमचाच.

माणूस चांगला होता. त्याच्या मनात वाईट काही नव्हते. पण माझा हात गिलासावर तसाच राहिला. मिनिटापूर्वी "आमी" म्हणून मीच ओरडलो होतो, आणि त्याने "आमचा" म्हटल्याबरोबर मला ते सोसवले नाही. मला सांगायचे होते की नाही, मी तुमचा नाही, मी फोंड्याचा आहे, आमच्या शाळेत दर १९ डिसेंबरला बावटा चढवताना दादा पेटी वाजवायचा. माझे पोर्तुगीज तेवढे चालते. मी बोललो नाही. ओब्रिगादु म्हटले, बियर संपवली, पैसे ठेवून बाहेर पडलो.

गल्लीत आलो तोच फोन वाजला. पुतण्याने व्हिडिओ पाठवला होता, चाळीस सेकंदांचा. "काका, बघ!" पाऊस, फटाके, झेंडा, कुत्री भुंकतायत, आणि शेवटी दादाच्या ओसरीवरचा दिवा लागतो. पायरीवर बसून मी तो तीनदा पाहिला. तिसऱ्यांदा आवाज बंद करून, फक्त तो दिवा लागेपर्यंत.