चौदा मतांचा हिशोब

31 ऑक्टोबर जवळ आला की सरदार पटेलांना ‘भारताचे बिस्मार्क’ म्हणणारे लेख आणि फॉरवर्ड सुरू होतात. बिस्मार्क म्हणजे एकोणिसाव्या शतकात विखुरलेली जर्मन राज्यं एकत्र करणारा, प्रशिया या बलाढ्य जर्मन राज्याचा पंतप्रधान. इकडे हॅम्बुर्गच्या बंदरावर बिस्मार्क तलवारीवर हात टेकून उभा आहे, चौथऱ्यासकट 34 मीटर, आणि त्याचं करायचं काय यावर गावात वाद आहे. बर्लिनच्या परराष्ट्र मंत्रालयाने तर 2022 मध्ये आपल्या ‘बिस्मार्क कक्षा’चं नावच बदललं. आपण पदवी म्हणून वाटतो ते नाव त्याच्याच देशात जरा अवघडून घेतलं जातं.

लोखंडाची, म्हणजे लढायांची, बाजू सगळ्यांना पाठ आहे. 1864 डेन्मार्क, 1866 ऑस्ट्रिया, 1870 फ्रान्स. हॅनोव्हर, नासाऊ, फ्रँकफुर्ट ही जर्मन राज्यं प्रशियाने सरळ गिळली. दक्षिणेतला बव्हेरिया मात्र तसा गिळण्याजोगा नव्हता. त्याला स्वतःचं टपाल, स्वतःची रेल्वे, शांततेच्या काळात आपल्याच राजाच्या हाताखालचं सैन्य आणि बिअरवरचा कर ठेवू दिला (बव्हेरियात हा शेवटचा मुद्दा किरकोळ नव्हे). प्रशियाच्या राजाने सम्राट व्हावं असं पत्र बव्हेरियाच्या लुडविगने लिहिलं, त्याचा मसुदा बिस्मार्कचा. लुडविगला त्याबद्दल पैसे मिळाले, ते हॅनोव्हरच्या राजघराण्याच्या जप्त मालमत्तेतून. एका राजाला लुटून दुसऱ्याला पटवलं.

खरी कारागिरी 1871 च्या राज्यघटनेत आहे. बुंडेसराट या राज्यांच्या सभागृहात 58 मतं होती. प्रशिया 17, बव्हेरिया 6, साक्सनी आणि वुर्टेंबर्ग प्रत्येकी 4, उरलेली छोट्यांची. देशाची निम्म्याहून जास्त वस्ती प्रशियाची, मतं मात्र तिसऱ्या हिश्श्याहून कमी. घटनादुरुस्तीला 14 मतं आडवी गेली की ती बारगळे. सहा अधिक चार अधिक चार, बेरीज बरोबर चौदा. तिघे राजे एकत्र आले की दुरुस्ती अडली.

मेख इथेच. सतरा असलेल्या प्रशियाला कुणाची गरजच नव्हती, तो एकटा कुठलीही घटनादुरुस्ती अडवू शके. खुद्द प्रशियात तर करभरणीप्रमाणे तीन वर्गांत मतदार वाटण्याची पद्धत 1918 पर्यंत टिकली.

पटेलांच्या हाताशी प्रशिया नव्हता. संस्थानांनी आधी संरक्षण, परराष्ट्र, दळणवळण एवढेच विषय दिले, मग विलीनीकरण आणि तनखे. हैदराबादला सैन्य लागलं, पण कोल्हापूर 1949 मध्ये मुंबई प्रांतात आलं ते कुठल्या बड्या संस्थानाच्या पोटात नव्हे. त्यामुळे बिस्मार्कची उपमा मला पटेलांना कमीपणा आणणारी वाटते.

सध्या भारतात मतदारसंघ फेररचनेचा वाद आहे आणि दक्षिणेला आपलं वजन घटण्याची धास्ती. त्यात बिस्मार्कचं लोखंड कामाचं नाही, मतांची वाटणी आहे. आजच्या बुंडेसराटमध्ये 69 मतं. चिमुकल्या ब्रेमेनला 3, सर्वांत मोठ्या नॉर्थ र्‍हाइन-वेस्टफालियाला 6. तिथे राज्य सरकारचेच मंत्री बसतात आणि राज्याची सगळी मतं एकगठ्ठा टाकतात. आघाडीत एकमत झालं नाही तर तटस्थ राहतात, आणि 35 मतं लागत असल्याने तटस्थ म्हणजे व्यवहारात विरोधच. आपल्या राज्यसभेत उत्तर प्रदेश 31, महाराष्ट्र 19, गोवा 1. खासदार मत देतो पक्षादेशाप्रमाणे, आणि ज्या राज्याच्या नावाने बसतो तिथला मतदार असण्याची अटही 2003 मध्ये गेली.