पणजीविषयी पक्कं मत कसं करावं

पणजीत राहायला येऊन महिना झाला आणि शहराविषयी तुमचं अजून ठाम मत नाही, हे काही बरं दिसत नाही. सकाळी भोंगा वाजवत सायकलवरून येणारा पदेर, म्हणजे पाववालासुद्धा, पावांबरोबर एखादं मत ठेवून जातो. काळजी नको. थोडी पथ्यं पाळली तर पहिल्या पावसाच्या आत तुमचंही मत दगडासारखं होईल.

पहिलं पथ्य असं की मत पणजीचं असावं, पण आपण पणजीत नसावं. 2011च्या जनगणनेत महापालिकेच्या हद्दीत 40,017 माणसं होती आणि भोवतालची जोडवस्ती धरून 1,14,759. म्हणजे पणजीच्या नावाने मोजल्या जाणाऱ्या तिघांतले जवळजवळ दोघे हद्दीबाहेर झोपतात. ही सोय सोडू नका. शेजारच्या ताळगावच्या पाचव्या मजल्यावरून 'आमच्या पणजीचं वाटोळं झालं' म्हणावं आणि घरपट्टी पंचायतीत भरावी. पर्वरीकरांनी तर पूल ओलांडतानाच म्हणावं, कारण गाडी पुढे सरकेपर्यंत वेळ भरपूर मिळतो. नगरसेवक तुमचं ऐकणार नाही, कारण त्याच्या यादीत तुमचं नावच नाही. पण त्यामुळे मताचा जोर वाढतो, कमी होत नाही.

हद्दीतच राहायचा हट्ट असेल तर फ्लॅट बघायला फेब्रुवारीत जा, आणि जा तो दुपारी अडीचला. शटरं खाली असतात, पार्किंगला जागा असते, समोरच्या घरातले जेवून आडवे झालेले असतात. याला शांतता म्हणायचं. दलाल कसलेला असेल तर सांतिनेजच्या नाल्याकाठची जागा उन्हाळ्यात भरतीच्या वेळी दाखवतो, कारण वास येतो तो ओहोटीला, गाळ उघडा पडला की. पावसाळ्यात तोच दलाल ओहोटीची वेळ धरतो. का, ते विचारू नका. विचारलंत तर भरतीचं वेळापत्रक बघावं लागेल, आणि ते बघणाऱ्याचं मत कधीच पक्कं होत नाही.

तरी चुकून बघितलंतच तर काय दिसेल, ते सांगून ठेवतो. दिवसातून दोनदा भरती येते आणि रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा मांडवी नदीचं पाणी जास्त चढतं. खालची पणजी बरीचशी खाजणावर, म्हणजे खाडीकाठच्या सखल, बांध घातलेल्या जमिनीवर, आणि भरावावर उभी आहे. गटारांची तोंडं नदीत किंवा नाल्यात उघडतात आणि भरतीला ती पाण्याखाली जातात. मग वरून पडलेल्या पावसाने जायचं कुठे? पूर्वी खाजणाच्या बांधात मानस, म्हणजे पाणी अडवणारी दारं असलेली मोरी, असायची. ओहोटीला तिची दारं आतल्या पाण्याच्या जोराने उघडायची, भरतीला बाहेरच्या जोराने मिटायची, कुणाला हात लावावा लागत नसे. आता दारांबरोबर पंप लागतात, पंपांना वीज लागते, आणि वीज नेमकी त्याच पावसात जाते. म्हणून जुलैत उधाणाच्या वेळी तासदोन तास मुसळधार कोसळला की मळा या सखल वस्तीत आणि 18 जून मार्गावर पाणी. तोच पाऊस ओहोटीला पडला तर सगळं पाणी निमूट निघून जातं आणि महापौरांना श्रेय मिळतं.

हे सगळं कळलं तर बोलणार काय? म्हणून 'गटारं साफ केली नाहीत' एवढंच म्हणा. ते कधीच पूर्ण खोटं ठरत नाही. मळ्यातल्या तळमजल्यावरचे आजोबा वेगळं सांगतील. त्यांच्या भिंतीवर गुडघ्याच्या उंचीला पाण्याची पिवळी रेघ असते, फ्रिज चार चिऱ्यांवर उभा असतो आणि रेशनकार्ड माळ्यावर. आल्तिनोच्या टेकडीवरचे त्याच दिवशी 'काय सुंदर पाऊस' म्हणतात. दोघांनाही मान डोलवा, फक्त दोघांना एकाच चहाला बोलावू नका.

रस्त्यांचं मत करणं त्याहून सोपं आहे. 2016मध्ये पणजी स्मार्ट सिटीच्या यादीत आली आणि मग तिचं पोट उघडलं गेलं. मलनिस्सारणाची वाहिनी, केबल, गटार, प्रत्येकाचा चर वेगळा. चर भरताना माती वीतभर थराने टाकायची, प्रत्येक थराला बेताचं पाणी देऊन रोलर मारायचा, मग पुढचा थर. एका दमात सगळा चर बुजवून वर डांबर ओतलं तर पहिल्या पावसात माती बसते आणि वाळूचा ट्रक मागच्या चाकांवर बसतो. ट्रक रुतला की फोटो काढा, पण थरांविषयी कुणाला विचारू नका. 'भ्रष्टाचार' हा एक शब्द पुरतो आणि तो उच्चारताना रोलर भाड्याने आणावा लागत नाही.

पाण्याबद्दल मात्र जपून. नळाला पाणी येतं तेव्हा ते मांडवीचं आहे असं मानणारे पुष्कळ आहेत. मांडवी इथे खारी. पिण्याचं पाणी येतं फोंड्याकडच्या ओपाहून, खांडेपार नदीचं. ऑगस्ट 2019मध्ये तिकडे रस्ता खचून जलवाहिन्या फुटल्या आणि भर पावसात पणजी टँकरची वाट बघत बसली. ज्यांच्या खाली मोठी टाकी होती ते म्हणाले, 'दोन दिवसांचा प्रश्न आहे, बाब.' ज्यांच्या वर फक्त पाचशे लिटरची होती त्यांनी शहर राहण्यालायक उरलं नसल्याचं जाहीर केलं. भाडं ठरवण्याआधी टाकीचं झाकण उघडून बघा, तुमचं मत आत तरंगताना दिसेल.

रात्रीच्या करमणुकीविषयी दोनच मतं आहेत, कॅसिनोच्या बोटी हव्यात आणि कॅसिनोच्या बोटी हटवा. दोन्हीकडचे लोक गाडी एकाच ठिकाणी लावतात, तुमच्या फाटकासमोर.

मडगावकराशी वाद घालायचा प्रसंग येईलच. महापालिका पणजीला, पण 2011च्या गणतीत मडगाव नगरपालिकेत 87,650 माणसं, म्हणजे दुपटीहून जास्त. तो म्हणेल, तुमचं शहर कचेरी सुटली की रिकामं. त्यावर इफ्फी या चित्रपट महोत्सवाचं नाव घ्या, तो 2004पासून इथे भरतो. तो नुस्त्याच्या, म्हणजे मासळीच्या, बाजाराचं नाव घेईल. मग गप्प बसा. जून-जुलैत, यांत्रिक मासेमारी बंद असते त्या 61 दिवसांत, पुन्हा विषय काढा. तेव्हा बांगडा दोन्हीकडे सारखाच महाग असतो आणि माणूस नमतं घेतो. तरी वाद लांबला तर त्याला संध्याकाळीच कदंब बसस्थानकावर सोडा. मडगावच्या शटल बसचं तिकीट आधी खिडकीवर काढायचं असतं आणि रांगेत त्याला ऐकणारे आणखी चाळीस जण मिळतात.

एवढं झालं की तुम्ही तयार. मत मांडायला सकाळी दहानंतर निघा, आधी कुणी मोकळं नसतं. आणि एकच्या आत आटपा. एकला दुकानदार शटर अर्धं खाली ओढून तुमच्याकडे बघत राहतो. तुम्ही भरतीपर्यंत आला असाल, तर उरलेलं चारनंतर.