नवऱ्याची सही लागत नाही, तो मेसेज फिरवणं बंद करा

‘गर्भपाताला कायद्याने नवऱ्याची सही लागते, स्त्रीवादी हे लपवतात, आणि यांच्या मोर्च्यांनी आजवर एक कायदा आणलेला नाही.’ हा फॉरवर्ड काल आमच्या फॅमिली ग्रुपवर काकांनी टाकला आणि त्याच ग्रुपमध्ये माझी मावसबहीण आहे.

मागच्या वर्षी तिला सातवा आठवडा होता, पदरात दोन लेकरं, नवरा बोटीवर. हॉस्पिटलच्या काउंटरवरून सांगितलं, मिस्टरांना घेऊन या. नऊ दिवस हिंडली बिचारी तेव्हा कुठे एक डॉक्टर भेटल्या.

आता सहीचं बघू. एमटीपी कायदा म्हणजे 1971 चा गर्भपाताचा कायदा, त्याचं कलम 3(4): सज्ञान बाईची स्वतःची संमती, बस. 18 च्या खालची किंवा मानसिक आजारी असेल तरच पालकाची. संमतीचा फॉर्म सी उघडून बघा ना, तिचं नाव, कुणाची मुलगी किंवा पत्नी, वय, पत्ता, खाली तिची सही. नवऱ्याच्या सहीला जागाच नाहीये त्यात! 29 सप्टेंबर 2022 ला सुप्रीम कोर्टानेही स्पष्ट सांगितलं की घरच्यांची संमती मागणं, जास्तीचे कागद मागणं याला कायद्याचा काहीच आधार नाही. 20 ते 24 आठवड्यांत काही ठरावीक बायकांना गर्भपात करता येतो, त्या तरतुदीतून अविवाहित मुलींनाही वगळता येणार नाही हेही त्याच निकालात आहे.

एक मान्य करते, 1971 चा कायदा मोर्च्यांनी आला नाही. सरकारने नेमलेल्या शांतिलाल शाह समितीच्या अहवालावरून आला, बायका चोरून गर्भपात करताना मरत होत्या आणि सरकारला लोकसंख्येचीही काळजी होती.

पण ‘एक कायदा नाही’? गर्भलिंग तपासणीवर देशातला पहिला कायदा 1988 चा, आपल्या महाराष्ट्राचा, आणि त्याआधी मुंबईतल्या बायका काही वर्षं त्यासाठी झगडत होत्या. 1994 ला देशाचा कायदा आला तरी तपासणीची सोनोग्राफी मशीनं सुरूच, मग 2000 साली सेहत आणि मासूम या संस्था आणि कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज कोर्टात गेले तेव्हा सरकारं हलली.

काकांना फोन करून सांगितलंय मेसेज डिलीट करा. ग्रुपवर नवीन लग्न झालेल्या तीन पोरी आहेत, 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, त्यानंतर 24 आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टर लागतात आणि तेही ठरावीक कारणांसाठीच, आणि यातली एखादी सहीसाठी थांबली तर तेच आठवडे हातचे जातील.