एक स्टार देणाऱ्या भाऊंना उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमचा अभिप्राय वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगते. जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणला या भाऊंचं दुकान गेलं. पुढे रत्नागिरीच्या कोर्टात नादारीचा, म्हणजे कर्ज फेडता येत नाही असं जाहीर करून घेण्याचा अर्ज झाला, मालमत्ता ताब्यात घेऊन देणी वाटणारा रिसिव्हर नेमला गेला आणि शेवटी कोर्टाने यांना कर्जातून मुक्त केलं. मग बँकेने कापलेले पैसे परत मिळवायला ते आमच्याकडे, म्हणजे असे अर्ज करून देणाऱ्या आमच्या कार्यालयात आले. तक्रार अशी की आम्ही फी घेतली, शेवटचे काही हप्ते तेवढे मिळवून दिले आणि विम्याचे, दंडाचे मोठे पैसे ‘बँकेला सामील होऊन’ सोडून दिले. हे सगळं तुम्हीच लिहिलंय म्हणून इथे घेतलं. तुमचे बाकीचे कागद आमच्या कपाटात आहेत, तिथेच राहतील.

सामील होण्याबद्दल एवढंच सांगते, आमच्या कार्यालयाचा लिफाफा दिसला की तिथल्या साहेबांच्या कपाळावर आठ्या येतात. चहा अजून कुणी विचारलेला नाही.

आता पैशांचं. कोर्टाने मुक्त केलं याचा अर्थ तुम्ही ‘कर्ज नव्हतंच’ असा धरलाय. तसं नसतं. त्या आदेशानंतर जुन्या देण्यासाठी तुमच्या मागे कुणी लागू शकत नाही, इतकंच. नादार ठरण्याआधी भरलेले हप्ते हे खरोखरच्या देण्यापोटी भरलेले होते. ते कुठल्याही अर्जाने परत येत नाहीत.

विम्याचं वेगळं आहे. कर्ज देताना एकरकमी हप्ता कापून विमा गळ्यात मारला आणि दंडही जास्त लावला, हे तुमचं म्हणणं मला पटतं. पहिल्या भेटीतच मी ते बोलले होते. पण १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याच्या कलम २८ प्रमाणे, नादार ठरवल्याच्या आदेशाबरोबर तुमची मालमत्ता रिसिव्हरकडे गेली. दुकानातला माल गेला, तशी कुणाकडून येणी असतील तीही गेली. बागेचा मक्ता दिल्यावर उशिरा पिकलेला आंबासुद्धा मक्तेदाराचाच असतो, मालकाला तो उतरवून नेता येत नाही. त्या पैशांवर दावा लावायचा तर रिसिव्हरने लावायचा, आणि आलेली रक्कम ज्यांचं तुम्ही देणं लागत होता त्या सगळ्यांत वाटली जाणार. शिवाय कलम ४६ दाखवून बँक आधी आपली थकबाकी त्यातून वळती करून घेऊ शकते. ते बेकायदा नाही.

‘उरलं तर माझंच ना?’ असं तुम्ही विचारलं होतं. हो, कलम ६७ तसंच सांगतं, पण सगळ्यांचं देणं व्याजासकट आणि खर्चासकट फिटल्यावर. मालमत्तेतून रुपयामागे आठ आणेही निघत नसतील, तर कोर्ट सहसा बिनशर्त मुक्तता देत नाही (कायद्यात अजून आण्यांचीच भाषा आहे). जबाबदारी नादाराची नव्हती असं दिसलं तर देतं. तुम्हाला महापुरामुळे ती मिळाली. म्हणजे निम्मंही फिटलेलं नाही. मग उरणार कुठून?

मधल्या काळातले हप्ते, म्हणजे नादार ठरल्यापासून मुक्ततेपर्यंत खात्यातून गेलेले, तिथे बँकेची चूक मला तरी स्पष्ट दिसते. कोर्टाच्या परवानगीशिवाय तिला वसुली करायची नव्हती. पण त्या काळातली तुमची कमाईही, जप्तीतून वगळलेला भाग सोडला तर, रिसिव्हरकडेच जाते. म्हणून आम्ही तुमच्या नावाने मागणी न करता रिसिव्हरला कळवलं. त्या पत्राची पोच तुम्हाला दिली आहे. यावरच तुमचा राग जास्त दिसतो, आणि तो कळतोही. पैसे आपल्या खात्यातून गेले आणि परत मात्र दुसऱ्याकडे जाणार, हे कुणालाही झोंबेल.

मुक्ततेच्या तारखेनंतर जे कापलं ते मात्र तुमचं. बँकेने खात्यावरचा ऑटो डेबिट बंद केलाच नव्हता. ते हप्ते परत आले, तुम्हीही ते मान्य करता.

मेहुण्यांच्या खात्यातून अजून हप्ता जातो, त्याचा दोषही आमच्यावर टाकलाय. ते जामीनदार आहेत. कलम ४४ मध्ये स्पष्ट आहे की नादाराच्या मुक्ततेने जामीनदार सुटत नाही. त्यांनी बँकेशी तडजोडीचं बोलावं, परतावा मागून उपयोग नाही. पतसंस्थेच्या हप्त्याचा विषय वेगळा. तो रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याच्या कक्षेत येत नाही, त्याची तक्रार सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडे करावी लागते. तो अर्ज आमच्या फीमध्ये धरलेला नव्हता.

आमची फी अर्जामागे ठरलेली असते, टक्केवारीवर नसते. ‘नादारी झाली ना, सगळं परत आणतो, निम्मे आमचे’ असं सांगणारे एजंट बाजारात फिरतात. त्यांच्या नादाने रिसिव्हरचे पैसे परस्पर उचललेत तर कोर्टापुढे तुम्ही उभे राहाल, ते नाहीत. तुम्ही उद्या पुन्हा आलात तरी मी त्या दाव्याला नाहीच म्हणेन.

एक काम शिल्लक आहे. मुक्ततेनंतर कापलेला एक दंड बँकेने अजून दिलेला नाही. लेखी तक्रारीला ३० दिवस होऊन गेलेत, म्हणजे लोकपालाकडे जाता येतं. तिथे अर्जाला पैसे लागत नाहीत आणि वकिलामार्फत अर्ज चालत नाही, तो तुमच्याच नावाने जायला हवा. मसुदा तयार आहे. पासबुकात नोंदी भरून घ्या आणि सहीला या. याची वेगळी फी घेणार नाही.